अनुस्फुरण प्रतिमादर्शन

अनुस्फुरण प्रतिमादर्शन : सजीव प्राण्याला दिलेले औषध त्याच्या शरीरात कोठे, किती वेळात व साधारण किती प्रमाणात पोहोचते, हे शरीर न छेदता, औषधास जोडलेल्या प्रकाशमान खुणेच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेऊन त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश तत्काळ बाहेर टाकण्याच्या काही पदार्थांच्या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात. या गुणधर्माचे रंजक औषधाच्या रेणूला जोडून ते प्राण्याला टोचतात आणि त्वचेतून बाहेर येणाऱ्या मंद प्रकाशाची छायाचित्रे संवेदनक्षम कॅमेऱ्याने ठराविक वेळाने घेतात. औषधिक्रियाविज्ञान, कर्करोगविषयक संशोधन व नव्या औषधांच्या प्राथमिक चाचण्या यांत ही पद्धत विशेषेकरून उंदरांवर वापरली जाते.

औषधाची उपयुक्तता त्याच्या रासायनिक क्रियेइतकीच त्याच्या शरीरातील वाटपावर अवलंबून असते. परीक्षानळीत कर्क कोशिकांचा नाश करणारे द्रव्य प्रत्यक्ष शरीरात अर्बुदापर्यंत (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेल्या गाठीपर्यंत) पुरेशा प्रमाणात पोहोचेलच असे नाही. उलट, ते हृदय वा वृक्क (मूत्रपिंड) यांत साठून अपाय करण्याचाही संभव असतो. हे वाटप अभ्यासण्याची जुनी रीत म्हणजे अनेक प्राण्यांना एकाच वेळी औषध देऊन ठराविक कालांतराने त्यांतील काहींना मारणे व प्रत्येक अवयवातील औषधाचे प्रमाण रासायनिक विश्लेषणाने ठरविणे ही होय. सहा निरनिराळ्या वेळांची माहिती हवी असेल व प्रत्येक वेळेस पाच प्राणी लागत असतील, तर अशा एका प्रयोगास तीस प्राणी खर्ची पडतात. शिवाय पहिल्या तासाचा प्राणी व चोविसाव्या तासाचा प्राणी हे भिन्न असल्याने त्यांच्या व्यक्तिगत भेदांची सरमिसळ निष्कर्षांत होते. अनुस्फुरण प्रतिमादर्शनात तेच पाच प्राणी सर्व सहा वेळा पाहता येतात. मात्र प्रतिमेत दिसतो तो खुणेचा प्रकाश, औषध नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास सुबक प्रतिमेवरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

इतिहास : क्विनीन सल्फेटाच्या विद्रावाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या निळसर झाकेचे वर्णन सर जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये केले. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या आविष्काराचे स्पष्टीकरण देऊन बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक असते, असे दाखविले. फ्ल्युओरस्पार या खनिजावरून या आविष्कारास ‘फ्ल्युओरेसेन्स’ हे नाव त्यांनीच दिले. दोन तरंगलांब्यांतील अंतरास ‘स्टोक्स च्युती’ असे म्हणतात. १८७१ मध्ये आडोल्फ फोन बायर यांनी फ्ल्युओरेसीन हे तीव्र हिरव्या अनुस्फुरणाचे रंजक तयार केले. पाउल एर्लिख यांनी १८८२ मध्ये हेच रंजक प्राण्यांच्या शरीरात टोचून ते डोळ्याच्या पुढील भागातील द्रवात कसे उतरते, याचे निरीक्षण केले. शरीरात दिलेल्या पदार्थाचा मार्ग अनुस्फुरणाने जिवंतपणी पाहण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. डोळ्याचा पुढील भाग पारदर्शक असल्यामुळेच तो त्या काळी शक्य झाला. इतर अवयवांचे निरीक्षण अपारदर्शक त्वचा व स्नायू यांच्यामुळे पुढे दीर्घकाळ साध्य झाले नाही.

विसाव्या शतकात जॉर्ज मूर यांनी फ्ल्युओरेसिनाचा उपयोग मेंदूतील अर्बुदे शस्त्रक्रियेच्या वेळी ओळखण्यासाठी केला (१९४८). हॅरल्ड नोव्होटनी व डेव्हिड अल्व्हिस यांनी दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पटलातील) रक्तवाहिन्यांची याच रंजकाच्या साहाय्याने छायाचित्रे घेण्याची पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. इंडोसायनीन ग्रीन हे निकट-अवरक्त (दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडील, परंतु त्यास लागून असलेल्या) पट्ट्यात कार्य करणारे रंजक १९५० नंतरच्या दशकात वैद्यकात आले आणि १९५९ मध्ये त्यास अमेरिकेत मानवी वापरासाठी मान्यता मिळाली. प्रारंभी त्याचा उपयोग हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण व यकृताचे कार्य मोजण्यापुरताच होता. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी निकट-अवरक्त प्रकाश मांजराच्या डोक्यातून आरपार जाऊ शकतो व त्यावरून मेंदूतील ऑक्सिजनाची स्थिती कळू शकते, असे दाखवून दिले. या निरीक्षणाने अपारदर्शक शरीरात प्रकाशाने डोकावण्याचा मार्ग खुला झाला.

यानंतरची प्रगती तीन दिशांनी झाली. ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशपासून १९६२ मध्ये वेगळे केलेले हिरवे अनुस्फुरक प्रथिन हे इतर जीवांच्या कोशिकांतही निर्माण करविता येते, असे मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये दाखविले. रॉजर त्स्येन यांनी त्याचे विविध रंगांचे प्रकार बनविले. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी दिशा खुणांची होती. राल्फ वाइसलेडर व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये अर्बुदातील एंझाइमांची क्रिया झाल्यावरच प्रकाशमान होणाऱ्या निकट-अवरक्त खुणा उंदरांत यशस्वी रीत्या वापरल्या. तिसरी दिशा गणिती पद्धतींची व नव्या तरंगलांब्यांची होती. व्हासिलिस एन्त्झिआक्रिस्तोस इत्यादींनी २००२ मध्ये अनुस्फुरणाचे त्रिमितीय छेददर्शन साध्य केले. होंगज्ये दाई यांच्या गटाने २००९ मध्ये कार्बनाच्या अतिसूक्ष्म नलिकांच्या साहाय्याने १,००० नॅनोमीटरांपलीकडील (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) पट्ट्यात उंदरांच्या प्रतिमा घेतल्या.

तत्त्व : रंजकाच्या रेणूवर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला म्हणजे त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत जातो. या ऊर्जेचा अल्प अंश उष्णतेच्या रूपाने खर्च झाल्यावर इलेक्ट्रॉन मूळ पातळीत परततो व उरलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ही सर्व क्रिया सर्वसाधारणपणे काही नॅनोसेकंदांत (१ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग) पूर्ण होते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा कमी, म्हणून तरंगलांबी अधिक असते. त्यामुळे पाडलेला प्रकाश व परत आलेला प्रकाश हे गालकाने (ठराविक तरंगलांब्यांचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या काचेने) एकमेकांपासून वेगळे करता येतात आणि प्रखर प्रकाशझोतातही रंजकाची मंद प्रभा टिपता येते.

ऊतकातील प्रकाशाचा प्रवास : अंधारात विजेरीवर तळहात दाबून धरला असता बोटांच्या कडा तांबड्या दिसतात. पांढऱ्या प्रकाशातील निळा व हिरवा भाग रक्तातील हीमोग्लोबिन शोषून घेते आणि तांबडा भाग तेवढा पार होतो, हे याचे कारण होय. सुमारे ६०० नॅनोमीटरांखालील प्रकाश हीमोग्लोबिनामुळे व त्वचेतील कृष्णरंजकामुळे, तर ९०० नॅनोमीटरांच्या पुढील काही पट्ट्यांतील प्रकाश ऊतकांतील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांतील) पाण्यामुळे मोठ्या प्रमाणात शोषला जातो. या दोहोंमधील, साधारणतः ६५० ते ९०० नॅनोमीटरांच्या पट्ट्यात शोषण सर्वांत कमी असते. त्यास ‘प्रकाशीय गवाक्ष’ असे म्हणतात. अनुस्फुरण प्रतिमादर्शनास योग्य अशी बहुतेक रंजके याच पट्ट्यातील आहेत [⟶ अवरक्त प्रारण].

गवाक्षातून प्रकाश आत शिरला, तरी तो सरळ जात नाही. कोशिका, त्यांची केंद्रके व तंतू यांवर आदळून त्याचे वारंवार प्रकीर्णन होते (तो इतस्ततः विखुरला जातो) व सुमारे एक मिलिमीटर अंतरातच त्याची मूळ दिशा नाहीशी होते. दाट धुक्यातील दिव्याचा ज्याप्रमाणे केवळ पसरट उजेड दिसतो, त्याप्रमाणे खोलवरील अवयवातील रंजकाची प्रतिमा त्वचेवर पसरट डागासारखी उमटते. शिवाय उत्तेजक प्रकाश आत जाताना व अनुस्फुरित प्रकाश बाहेर येताना असा दोनदा क्षीण होतो. परिणामी त्वचेलगतचे अल्प रंजक खोलवरील विपुल रंजकापेक्षा अधिक तेजस्वी दिसू शकते. उंदराचे शरीर सुमारे दोन सेंमी. जाडीचे असल्याने त्याच्या बाबतीत ही अडचण सुसह्य ठरते. मानवी शरीरातील खोलवरचे अवयव मात्र या पद्धतीच्या आटोक्यात येत नाहीत.

खुणा : काही औषधे स्वतःच अनुस्फुरक असतात. क्विनिनाचा उल्लेख वर आलाच आहे. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैव औषध वाढत्या हाडांत साठते व जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रकाशात पिवळसर चमकते. हाडांच्या वाढीचा वेग मोजण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला जातो. डॉक्सोरूबिसीन हे कर्करोगावरील औषध सुमारे ४८० नॅनोमीटरांचा प्रकाश शोषून नारिंगी-तांबडा प्रकाश देते. अशा औषधांस वेगळी खूण जोडावी लागत नाही, हा मोठा लाभ होय. मात्र त्यांच्या तरंगलांब्या प्रकाशीय गवाक्षाबाहेरच्या असल्याने जिवंत प्राण्याच्या खोल भागात ती पाहता येत नाहीत.

म्हणून बहुतेक प्रयोगांत बाहेरून रंजक जोडावे लागते. सायनीन वर्गातील रंजके यांत प्रमुख आहेत. इंडोसायनीन ग्रीन रक्तात सुमारे ८०० नॅनोमीटरांचा प्रकाश शोषते व सुमारे ८३० नॅनोमीटरांचा प्रकाश बाहेर टाकते. ते रक्तद्रवातील प्रथिनांना घट्ट चिकटते. यकृत ते वेचून घेते व त्यात रासायनिक बदल न करता पित्तावाटे आतड्यात सोडते. निरोगी माणसात दर तीन-चार मिनिटांनी त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होते. क्वांटम डॉट या नावाने ओळखले जाणारे अर्धसंवाहकांचे अतिसूक्ष्म कण फार तेजस्वी असतात व त्यांचा रंग त्यांच्या आकारमानावर अवलंबून असतो. परंतु त्यांपैकी पुष्कळांत कॅडमियम ही विषारी धातू असल्याने त्यांचा वापर प्राण्यांवरील प्रयोगांपुरताच राहिला आहे.

खुणांचा आणखी एक प्रकार म्हणजे विझलेल्या अवस्थेत दिल्या जाणाऱ्या खुणा. रंजकाचे रेणू एकमेकांच्या फार निकट आणले, तर त्यांचे अनुस्फुरण मंदावते. असे दाटीने भरलेले रंजक मेदाच्या सूक्ष्म पिशवीतून (लायपोसोमातून) बाहेर पडले अथवा एंझाइमाने त्याचे बंध तोडले, की ते उजळते. औषध केवळ कोठे पोहोचले एवढेच नव्हे, तर ते वाहकातून मोकळे झाले की नाही, हेही अशा खुणांवरून समजते.

उपकरण व प्रयोगपद्धती : उपकरणात प्रकाशबंद पेटी, लेसर अथवा इतर प्रकाशउगम, गालकांच्या जोड्या, शीत अवस्थेत ठेवलेला इलेक्ट्रॉनीय कॅमेरा व संगणक हे मुख्य भाग असतात. प्राण्यास श्वासावाटे शुद्धिहारक वायू देऊन उबदार पाटावर निजवितात. केस प्रकाश अडवितात व त्यांचे स्वतःचेही अनुस्फुरण असते. म्हणून केसविरहित जातीचे उंदीर वापरतात किंवा त्वचेवरील केस काढून टाकतात. औषध देण्यापूर्वी एक प्रतिमा घेतली जाते. शरीरातील नैसर्गिक अनुस्फुरण तीवरून समजते व पुढील प्रतिमांतून ते वजा करता येते. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात लसूणघासासारख्या हिरव्या वनस्पती असतात. त्यांतील हरितद्रव्य तांबडे अनुस्फुरण देत असल्याने उंदराचे पोट रंजक न देताही चमकते. हा घोटाळा टाळण्यासाठी प्रयोगाआधी काही दिवस हरितद्रव्यरहित खाद्य द्यावे लागते. औषध बहुधा शेपटीच्या नीलेतून टोचतात आणि नंतर काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत प्रतिमा घेत राहतात. अखेरच्या प्रतिमेनंतर काही प्राण्यांचे अवयव वेगळे काढून त्यांचेही अनुस्फुरण मोजतात, कारण खोलीमुळे आलेला फरक या मापनात राहत नाही.

औषधवाटपाचे निरीक्षण : या पद्धतीने मिळणाऱ्या प्रतिमांत औषधाच्या प्रवासाचे टप्पे स्पष्ट ओळखता येतात. नीलेत टोचल्यावर लगेच सर्व शरीर मंदपणे उजळते. त्यानंतर रेणूच्या आकारमानानुसार मार्ग भिन्न होतात. लहान, पाण्यात विरघळणारे रेणू वृक्कांतून गाळले जाऊन मूत्राशयात जमतात. गोलाकार सूक्ष्म कणांच्या बाबतीत सुमारे ५·५ नॅनोमीटर व्यास ही वृक्कांतून सहज बाहेर पडण्याची मर्यादा असल्याचे २००७ मध्ये क्वांटम डॉटांवरील प्रयोगांत आढळून आले. त्याहून मोठे कण यकृत व प्लीहा यांतील भक्षक कोशिका उचलतात. प्रतिपिंडांसारखी मोठी प्रथिने रक्तात अनेक दिवस फिरत राहतात. त्यामुळे पहिल्या दिवशी अर्बुद व सभोवतालचा भाग सारखेच उजळ दिसतात आणि रक्तातील प्रमाण ओसरल्यावरच अर्बुद उठून दिसू लागते. वाढत्या अर्बुदाच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व लसीकावाहिन्यांचा निचरा अपुरा असतो. त्यामुळे मोठे रेणू तेथे साचतात, असे यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये प्रतिपादन केले. हा परिणाम उंदरांत ठळकपणे दिसतो. मानवी अर्बुदांत तो तितकाच प्रभावी असतो काय, याबद्दल मतभेद आहेत.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची दक्षता : प्रतिमेतील तेज म्हणजे औषधाचे प्रमाण असे गृहीत धरता येत नाही. पहिली अडचण खुणेच्या आकारमानाची असते. ॲस्पिरिनाचा रेणुभार १८०, तर इंडोसायनीन ग्रीनचा सुमारे ७७५ आहे. एवढ्या लहान औषधास चौपटीहून जड रंजक जोडल्यास तयार होणारा रेणू मूळ औषधाप्रमाणे न वागता रंजकाप्रमाणे वागण्याचाच संभव अधिक असतो. याउलट प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे १,५०,००० असल्याने एक-दोन रंजकरेणूंनी त्याच्या वागणुकीत सहसा फारसा फरक पडत नाही. म्हणून ही पद्धत प्रतिपिंडे, मोठी प्रथिने व औषधवाहक सूक्ष्म कण यांना अधिक योग्य ठरते.

दुसरी अडचण खूण सुटण्याची आहे. काही मेदविद्राव्य रंजके वाहक कणातून निसटून रक्तातील प्रथिनांना किंवा मेदकणांना चिकटतात. त्यानंतर यकृतात दिसणारा प्रकाश वाहकाचा की सुट्या रंजकाचा, हे केवळ प्रतिमेवरून सांगता येत नाही. तिसरी अडचण तेजाच्या चढउताराची होय. डॉक्सोरूबिसीन कोशिकेतील डीएनएमध्ये शिरले म्हणजे त्याचे अनुस्फुरण मंदावते. म्हणजे औषध जेथे प्रत्यक्ष कार्य करीत असते, तेथेच ते अंधुक दिसते. रंजकाची दाटी, परिसराची अम्लता व प्रथिनांशी होणारा बंध यांमुळेही तेज बदलते.

या कारणांसाठी पडताळ्याचे प्रयोग आवश्यक मानले जातात. प्राण्यांच्या एका गटास केवळ सुटे रंजक देतात. दुसऱ्या गटास आधी खूण नसलेले औषध भरपूर प्रमाणात देऊन नंतर खूणयुक्त औषध देतात. औषध खरोखर विशिष्ट ग्राहींना (कोशिकेवरील ग्रहणस्थानांना) चिकटत असेल, तर त्या जागा आधीच व्यापल्या गेल्याने अर्बुदातील तेज घटावयास हवे. ते न घटल्यास प्रतिमा फसवी समजावी लागते. अखेरीस, काढलेल्या ऊतकातील मूळ औषधाचे प्रमाण रासायनिक विश्लेषणाने ताडून पाहतात. प्राण्यांचा वापर यामुळे पूर्णपणे टळत नाही, परंतु बराच कमी होतो.

इतर पद्धतींशी तुलना : स्वेन उल्बेर्ग यांनी १९५४ मध्ये किरणोत्सर्गी गंधकाची खूण असलेले पेनिसिलीन उंदरांना देऊन त्यांच्या गोठविलेल्या शरीराचे पातळ छेद छायाचित्रण फिल्मवर ठेवले व औषधाचे वाटप दाखविले. अणूच्याच जागी त्याचा किरणोत्सर्गी समस्थानिक बसविल्यास रेणूचे वर्तन जवळजवळ बदलत नाही, हा या मार्गाचा मोठा गुण आहे. परंतु त्यासाठी प्राणी मारावा लागतो. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शनात प्राणी जिवंत राहतो, खोल अवयवांतील प्रमाणही अचूक मोजता येते आणि ही पद्धत मानवासही लागू पडते. मात्र तीत वापरल्या जाणाऱ्या फ्ल्युओरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटेच असते व समस्थानिकनिर्मितीची यंत्रणा फार खर्चिक असते. अनुस्फुरण पद्धतीत किरणोत्सर्ग नसतो, खूण दीर्घकाळ टिकते, उपकरण तुलनेने स्वस्त असते आणि भिन्न रंगांच्या दोन-तीन खुणा एकाच वेळी पाहता येतात. अचूक प्रमाणमापनात मात्र ती मागे पडते. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांत या पद्धती परस्परपूरक म्हणून वापरल्या जातात [⟶ समस्थानिक].

प्राण्यांचा वापर : डब्ल्यू. एम. एस. रसेल व आर. एल. बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटविणे व त्यांच्या यातना कमी करणे. अनुस्फुरण प्रतिमादर्शन यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या तत्त्वांस विशेष पोषक आहे. तथापि वारंवार दिली जाणारी शुद्धिहारके व दीर्घ निरीक्षणकाळ यांचाही ताण प्राण्यावर पडतो, ही बाब विचारात घ्यावी लागते. भारतात अशा प्रयोगांचे नियमन प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये व त्याखालील १९९८ च्या नियमांन्वये केले जाते.

मानवातील उपयोग : प्राण्यांवर विकसित झालेल्या या तंत्राचा मानवात मुख्यत्वे शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोग होतो, कारण त्या वेळी ऊतक उघडे असल्याने खोलीची अडचण उरत नाही. ५-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल प्राशन केल्यावर मेंदूच्या काही अर्बुदांतील कोशिकांत तांबडे अनुस्फुरण देणारे द्रव्य तयार होते व निळ्या प्रकाशात अर्बुदाची कड ओळखता येते. अमेरिकेत या उपयोगास २०१७ मध्ये मान्यता मिळाली. फॉलिक अम्लाच्या ग्राहींना चिकटणाऱ्या पॅफोलासायनीन या निकट-अवरक्त द्रव्यास अंडाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी २०२१ मध्ये मान्यता देण्यात आली. येथेही न चमकणारा भाग रोगमुक्तच आहे असे मानता येत नाही व चमकणारा प्रत्येक भाग रोगग्रस्तच असतो असेही नाही. म्हणून काढलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच अंतिम निदान केले जाते.